पतधोरणाच्या दिवशी बाजार का हलतो: वित्तीय बाजारांचे अर्थतज्ज्ञ होऊ पाहणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

लोकसभा निवडणुकीच्या मतदानोत्तर चाचण्या जाहीर झाल्यानंतर ३ जून २०२४ रोजी बाजार उघडला, तेव्हा सेन्सेक्स सुमारे २,५०० अंशांनी वधारला, आणि दुसऱ्याच दिवशी प्रत्यक्ष मतमोजणी सुरू असताना तो सुमारे ४,४०० अंशांनी कोसळला. सत्तेवर येणारी आघाडी दोन्ही दिवशी तीच होती. फरक पडला होता तो जागांच्या संख्येत, आणि तोही आदल्या दिवशी लोकांनी जे गृहीत धरले होते त्याच्या तुलनेत. वित्तीय बाजारांच्या अर्थतज्ज्ञाचे जवळजवळ सगळे काम या फरकाभोवती फिरते. जी गोष्ट सर्वांना आधीच ठाऊक असते ती किमतीत आधीच उतरलेली असते, त्यामुळे ती प्रत्यक्ष घडल्यावर किंमत पुन्हा हलण्याचे कारण उरत नाही. किंमत हलते ती अनपेक्षित भागामुळे. हा अनपेक्षित भाग मोजता येणे हे या व्यवसायाचे मर्म आहे असे माझे ठाम मत आहे, आणि अभ्यासक्रम निवडण्यापासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंतची सगळी तयारी याच कौशल्याच्या दिशेने करावी.

शिक्षणाविषयी प्रथम एक अडचण स्पष्टपणे सांगितली पाहिजे. कला शाखेतून अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झालेल्या मराठी माध्यमातील अनेक विद्यार्थ्यांचे गणित दहावीनंतरच सुटलेले असते, आणि पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची तयारी सुरू केल्यावर ती उणीव एकाएकी जाणवू लागते. ही उणीव भरून काढता येते, पण त्यासाठी किमान एक वर्ष हाताशी ठेवावे लागते. कॅल्क्युलस, रेषीय बीजगणित आणि संभाव्यता हे तीन विषय उदाहरणे स्वतः सोडवून पक्के करावेत. त्यांतही संभाव्यतेला सर्वाधिक वेळ द्यावा, कारण अपेक्षित मूल्य, विचरण आणि सशर्त अपेक्षा या तीन संकल्पना अंगवळणी पडल्या नाहीत तर पुढची अर्थमिती, म्हणजे आर्थिक प्रश्नांना लावलेली सांख्यिकी, निव्वळ पाठांतर होऊन बसते. संगणकावर आर किंवा पायथन यांपैकी एक भाषा पुरेशी आहे. दोन्ही अर्धवट शिकण्यापेक्षा एकीत पंचवीस वर्षांचे दैनंदिन भाव वाचून, स्वच्छ करून, त्यांचा आलेख काढता येणे अधिक उपयोगी पडते.

संस्थांच्या बाबतीत महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांची बाजू चांगली आहे. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये स्थापन केली आणि तेथे पदव्युत्तर पदवीपासून पीएच. डी.पर्यंतचे शिक्षण मिळते. पुण्याची गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्था १९३० पासून कार्यरत आहे. मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभागही जुना आहे. राज्याबाहेर दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि भारतीय सांख्यिकी संस्था यांचा विचार जरूर करावा. पीएच. डी. करावी की नाही हे कोठे काम करायचे आहे त्यावर ठरवावे. विद्यापीठात किंवा मध्यवर्ती बँकेच्या संशोधन शाखेत वरच्या जबाबदाऱ्या पार पाडायच्या असतील तर ती जवळजवळ आवश्यक ठरते, तर बँकेच्या ट्रेझरीत (बँकेचा पैसा आणि रोखे हाताळणाऱ्या विभागात) किंवा म्युच्युअल फंडात चांगली पदव्युत्तर पदवी आणि स्वतः केलेले काम यांवर वाट निघते. या क्षेत्रात येण्याचा मार्ग एकच असतो असेही नाही. नरेंद्र जाधव मुंबई विद्यापीठातून अर्थशास्त्र शिकून, अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाची पीएच. डी. मिळवून रिझर्व्ह बँकेत प्रमुख अर्थतज्ज्ञ या पदापर्यंत पोहोचले. विरल आचार्य यांनी आयआयटी मुंबईतून संगणकशास्त्राची पदवी घेतली, न्यूयॉर्क विद्यापीठातून वित्तशास्त्रात पीएच. डी. केली, बाजारातील तरलता आणि वित्तव्यवस्थेची एकत्रित जोखीम यांवर संशोधन केले, आणि २०१७ ते २०१९ या काळात ते रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर होते.

आता आकडेवारीकडे वळू. बहुतेक नवशिके येथे घाई करतात, म्हणून या टप्प्यावर मुद्दाम रेंगाळावे. भारतात बरीच उपयुक्त आकडेवारी विनामूल्य मिळते. व्याजदर, चलन, बँकांचे ताळेबंद यांसाठी रिझर्व्ह बँकेचा भारतीय अर्थव्यवस्थेवरील विदासंच आहे. समभागांसाठी राष्ट्रीय शेअर बाजाराची रोजची भावकॉपी, म्हणजे त्या दिवसाच्या भावांची फाइल, आहे. सरकारी रोख्यांच्या व्यवहारांसाठी मुंबईतील क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया आहे. कंपन्यांच्या तपशीलवार नोंदींसाठी सीएमआयई या खासगी संशोधन संस्थेचा प्रोवेस विदासंच लागतो आणि तो बहुधा संस्थेच्या ग्रंथालयातूनच वापरता येतो, म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी त्या संस्थेकडे त्याचे सदस्यत्व आहे का, हे विचारून घ्यावे.

फाइल उतरवून घेतल्यावर लगेच रिग्रेशन, म्हणजे दोन राशींमधील संबंध रेषेने मोजण्याची सांख्यिकी पद्धत, चालवू नये. आधी ती किंमत कशी तयार झाली हे शोधावे. राष्ट्रीय शेअर बाजारात एखाद्या समभागाचा बंद भाव म्हणून जो आकडा दीर्घकाळ छापला जात आला आहे, तो दिवसाचा शेवटचा व्यवहार नसून शेवटच्या अर्ध्या तासातील व्यवहारांची भारित सरासरी असते. दुपारी सव्वातीन वाजता एखादी मोठी बातमी आली, तर त्या दिवसाच्या बंद भावात तिचा परिणाम अर्धामुर्धाच दिसतो आणि उरलेला भाग दुसऱ्या दिवशीच्या परताव्यात जातो. हे ठाऊक नसलेला संशोधक ‘बाजार बातमी पचवायला दोन दिवस घेतो’ असा निष्कर्ष मोठ्या आत्मविश्वासाने काढील, आणि तो निष्कर्ष बाजाराविषयीचा नसून सरासरी काढण्याच्या नियमाविषयीचा असेल.

अशा आणखी काही जागा आहेत. रिलायन्स इंडस्ट्रीजने ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस समभाग दिले, तेव्हा कच्च्या भावकॉपीत तिचा भाव एका रात्रीत जवळजवळ निम्मा झालेला दिसतो. भागधारकाचे नुकसान काहीच झालेले नसते. म्हणून बोनस, विभाजन आणि लाभांश यांसाठी भाव समायोजित केल्याखेरीज परतावा काढू नये. सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी हिशेबातील घोटाळा कबूल केला आणि काही दिवसांतच ती कंपनी निफ्टीतून वगळली गेली. आजच्या निफ्टीतील पन्नास कंपन्यांची यादी घेऊन मागे २००८पर्यंत जाणाऱ्या अभ्यासात सत्यम कोठेच सापडत नाही, आणि जे बुडाले ते गळून जे टिकले तेच उरल्यामुळे समभागांचा परतावा खऱ्यापेक्षा सरस दिसतो. त्या त्या दिवशी निर्देशांकात कोण होते याची यादी मिळवणे कष्टाचे आहे, पण त्याला पर्याय नाही. दिवाळीतील मुहूर्ताचे तासाभराचे सत्र, अर्थसंकल्पासाठी शनिवारी उघडलेला बाजार, ७ एप्रिल २०२० पासून रोखे बाजाराचे कामकाज सकाळी दहा ते दुपारी दोन एवढेच राहिले तो काळ, या सगळ्यांच्या नोंदी एका वेगळ्या तक्त्यात ठेवाव्यात. असा तक्ता शोधनिबंधात छापला जात नाही, तरी माझ्या मते तयार अर्थतज्ज्ञ आणि नवखा यांच्यातील फरक त्यातच पाहायला मिळतो.

पहिल्या संशोधनासाठी मी एकच विषय सुचवीन: रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीच्या निर्णयाचा सरकारी रोखे आणि समभाग यांवर होणारा परिणाम. विषय जुना आहे, पण आकडे उघडपणे मिळतात, बैठकांच्या तारखा आधी जाहीर होतात आणि पद्धत शिकण्यासाठी याहून चांगली जागा नाही. सहा सदस्यांच्या या समितीची पहिली बैठक ऑक्टोबर २०१६ मध्ये झाली, चलनवाढ ४ टक्के राखण्याचे आणि ती वरखाली २ टक्क्यांच्या मर्यादेत ठेवण्याचे उद्दिष्ट तिच्यासमोर आहे, आणि सर्वसाधारणपणे वर्षातून सहा बैठका होतात.

पहिली पायरी म्हणजे प्रत्येक बैठकीची तारीख आणि घोषणेची नेमकी वेळ लिहून काढणे. समितीच्या सुरुवातीच्या वर्षांत निर्णय दुपारी अडीचला जाहीर होत असे, अलीकडे गव्हर्नरांचे निवेदन सकाळी दहाला सुरू होते. पहिल्या काळातील बंद भावाला प्रतिक्रिया देण्यासाठी तासभर मिळत होता आणि दुसऱ्या काळातील बंद भावाला जवळजवळ पूर्ण दिवस मिळतो, म्हणून दोन्ही काळांतील दैनंदिन परतावे एकाच रिग्रेशनमध्ये विचार न करता टाकता येत नाहीत.

दुसरी पायरी अपेक्षेची. समजा, रेपो दरात (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने अल्प मुदतीचे कर्ज देते त्यात) पाव टक्क्याची म्हणजे २५ बेसिस पॉइंटांची कपात होण्याची शक्यता बाजाराला ८० टक्के वाटते आणि दर तसाच राहण्याची २० टक्के. मग अपेक्षित कपात २० बेसिस पॉइंटांची झाली. प्रत्यक्षात २५ची कपात झाली तर बाजारासाठी नवे असे फक्त ५ बेसिस पॉइंट होते. कपात झालीच नाही तर २० बेसिस पॉइंटांचा धक्का उलट दिशेने बसला. दर ‘न बदलणे’ ही मोठी घटना असू शकते आणि दर बदलणे ही किरकोळ, हे या साध्या हिशेबातून लक्षात येते. ही अपेक्षा बाजारभावातून वाचण्याची पद्धत अमेरिकेत केनेथ कटनर यांनी २००१ मध्ये फेडरल फंड्स फ्युचर्सच्या, म्हणजे अमेरिकी धोरण दराच्या पुढील पातळीवर होणाऱ्या सौद्यांच्या, आधारे मांडली, आणि २००५ मध्ये बेन बर्नान्की यांच्यासोबत तिचा उपयोग करून दाखवले की २५ बेसिस पॉइंटांची अनपेक्षित कपात झाली असता अमेरिकी समभाग निर्देशांक सरासरी सुमारे १ टक्क्याने वाढतो, तर अपेक्षित बदलाला समभाग फारसा प्रतिसाद देत नाहीत. भारतात तसे भरपूर व्यवहार होणारे फ्युचर्स नाहीत, म्हणून मायबोरशी (बँकांमधील एका रात्रीच्या कर्जाच्या दराशी) जोडलेल्या ओव्हरनाइट इंडेक्स स्वॅपचा, म्हणजे ओआयएसचा (त्या बदलत्या दराच्या बदल्यात ठरावीक दर देण्याघेण्याच्या कराराचा), एक महिन्याचा किंवा तीन महिन्यांचा दर घोषणेच्या आधी आणि नंतर किती सरकला हे पाहतात. ते आकडे मिळाले नाहीत तर ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलाचा दर वापरावा. वृत्तसंस्था बैठकीपूर्वी अर्थतज्ज्ञांचे अंदाज गोळा करतात, तेही नोंदवून ठेवावेत. मात्र सर्वेक्षणाला उत्तर देताना कोणाचे पैसे पणाला लागलेले नसतात, म्हणून सर्वेक्षण आणि बाजारभाव यांत तफावत असेल तर मी बाजारभावाला अधिक वजन देतो.

ही पद्धत प्रत्यक्षात कोठे अडखळते हे पाहण्यासाठी ४ मे २०२२ हा दिवस उलगडून पाहावा. पुढची ठरलेली बैठक जूनमध्ये होती. मार्चची किरकोळ चलनवाढ ६.९५ टक्के निघाली होती, त्यामुळे दरवाढ येणार याविषयी फारशी शंका नव्हती, पण ती त्या दिवशी येईल असे कोणी धरले नव्हते. दुपारी दोन वाजता गव्हर्नरांचे निवेदन सुरू झाले आणि रेपो दर ४० बेसिस पॉइंटांनी वाढून ४.४० टक्के झाल्याचे, तसेच रोख राखीव प्रमाण (बँकांनी ठेवींपैकी रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवायचा हिस्सा) ५० बेसिस पॉइंटांनी वाढल्याचे कळले. दुसऱ्या निर्णयामुळे बँकांकडील सुमारे ८७,००० कोटी रुपये शोषले जाणार होते. उरलेल्या दीड तासात दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा दर सुमारे पाव टक्क्याने चढला आणि सेन्सेक्स त्या दिवशी सुमारे १,३०० अंश खाली बंद झाला.

या ४० बेसिस पॉइंटांपैकी अनपेक्षित किती होते? एक महिन्याच्या ओआयएसच्या दृष्टीने जवळजवळ सगळे, कारण त्याच्या मुदतीत बैठकच अपेक्षित नव्हती. एक वर्षाच्या ओआयएसच्या दृष्टीने बरेच कमी, कारण जूनपासूनची वाढ त्यात आधीच धरलेली होती आणि धक्का मुख्यतः वेळेचा होता. म्हणून कोणत्या मुदतीचा दर वापरला आणि का, हे निबंधात स्पष्ट लिहावे आणि निदान दोन मुदती वापरून निष्कर्ष टिकतो का हे दाखवावे. शिवाय रेपो दर आणि रोख राखीव प्रमाण हे दोन निर्णय एकाच निवेदनात आल्यामुळे एका दिवसाच्या आकड्यांतून त्यांचे परिणाम वेगळे काढता येत नाहीत, हेही मान्य करावे. त्याच सकाळी आयुर्विमा महामंडळाची प्रारंभिक समभागविक्री सर्वसामान्यांसाठी खुली झाली होती, आणि त्याच रात्री भारतीय वेळेनुसार साडेअकराला अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने अर्ध्या टक्क्याची वाढ जाहीर केली. मापनाची खिडकी दोन दिवसांची ठेवली तर मुंबई आणि वॉशिंग्टन यांचे निर्णय एकमेकांत मिसळतात. दुपारी दोनच्या आधीची दहा-पंधरा मिनिटे आणि नंतरचा अर्धा तास एवढीच खिडकी ठेवणे येथे सर्वांत सुरक्षित आहे, आणि त्यासाठी व्यवहारनिहाय आकडे मिळवण्याची खटपट करावी लागते.

तिसरी पायरी शब्दांची. ६ जून २०२५ रोजी समितीने बाजाराच्या अंदाजाच्या दुप्पट, म्हणजे ५० बेसिस पॉइंटांची कपात करून रेपो दर ५.५० टक्क्यांवर आणला आणि रोख राखीव प्रमाणही टप्प्याटप्प्याने १ टक्क्याने कमी करण्याचे ठरवले, परंतु धोरणाची भूमिका ‘समावेशक’वरून (दरकपातीकडे कल असलेली) ‘तटस्थ’ (कल दोन्हींकडे नसलेली) केली. पुढे आणखी कपातीला फारशी जागा नाही असा त्याचा अर्थ घेतला गेला. अल्प मुदतीचे दर उतरले, दीर्घ मुदतीच्या रोख्यांनी मात्र तशी साथ दिली नाही आणि दोहोंमधील अंतर वाढले. केवळ रेपो दराचा धक्का मोजणाऱ्याला हा दिवस कोड्यासारखा वाटेल. रेफेट गुरकायनाक, ब्रायन सॅक आणि एरिक स्वॅन्सन यांनी २००५ मध्येच दाखवून दिले होते की मध्यवर्ती बँकेच्या घोषणेत किमान दोन वेगळे धक्के असतात: आजच्या दराचा आणि पुढील वाटचालीचा. पहिल्या निबंधात त्यांची पूर्ण सांख्यिकी पद्धत वापरणे जड जाईल, पण एक महिन्याच्या आणि एक वर्षाच्या ओआयएसमधील बदल वेगवेगळे नोंदवले तरी मूळ मुद्दा हाती येतो.

नंतरचे रिग्रेशन अगदी साधे असते: एका बाजूला रोख्याच्या परतावा दरातील किंवा निर्देशांकातील बदल, दुसऱ्या बाजूला अनपेक्षित धक्का. ऑक्टोबर २०१६ पासूनच्या सगळ्या बैठका धरल्या तरी नमुना काही डझनांच्या पुढे जात नाही, म्हणून एकटा ४ मे २०२२ सगळी रेषा स्वतःकडे ओढू शकतो. तो दिवस वगळून, तसेच मार्च आणि मे २०२० मधील वेळेआधी घेतलेल्या बैठका वगळून, गुणांक पुन्हा काढावा आणि दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी छापावीत. वीस वेगवेगळ्या क्षेत्रीय निर्देशांकांवर तेच रिग्रेशन चालवले तर ५ टक्क्यांच्या पातळीवर एखादा गुणांक केवळ योगायोगानेही ठळक निघतो. तेवढाच उचलून त्यावर निबंध लिहिणे हा वाचकाशी अप्रामाणिकपणा आहे. कोणते निर्देशांक तपासायचे हे आकडे उघडण्यापूर्वी लिहून ठेवावे.

याच सवयीचा नोकरीत रोज उपयोग होतो. बँकेच्या ट्रेझरीतील किंवा प्रायमरी डीलरकडील (सरकारी रोख्यांच्या लिलावात बोली लावणाऱ्या अधिकृत संस्थेतील) अर्थतज्ज्ञाला सकाळी बाजार उघडण्यापूर्वी एक टिपण द्यावे लागते, आणि त्यात ‘चलनवाढीचा आकडा ५ टक्के येईल’ एवढेच लिहिण्याला फार किंमत नसते. बाजाराने किती धरले आहे, आपण किती धरतो, आणि फरक खरा ठरला तर कोणता रोखा कोणत्या दिशेने हलेल, या तीन गोष्टी व्यापार करणाऱ्याला हव्या असतात. विद्यार्थिदशेतच एक वही किंवा फाइल सुरू करावी आणि प्रत्येक पतधोरण, चलनवाढीचा प्रत्येक आकडा, सरकारी रोख्यांचा प्रत्येक साप्ताहिक लिलाव यांच्या आदल्या संध्याकाळी आपली आणि बाजाराची अपेक्षा तारीखवार लिहावी. निकालानंतर मागची नोंद कधीही दुरुस्त करू नये, कारण घडून गेल्यावर प्रत्येकाला ते आधीच दिसले होते असे वाटते.

कोठे अर्ज करावा याचे पर्याय बरेच आहेत. रिझर्व्ह बँक आपल्या आर्थिक व धोरण संशोधन विभागासाठी ‘ग्रेड बी’ अधिकाऱ्यांची स्वतंत्र भरती करते, सेबीच्या अधिकारी भरतीत संशोधन शाखा असते, आणि पतमापन संस्था, म्युच्युअल फंड व शेअर बाजारांचे स्वतःचे संशोधन विभाग आहेत. नियामक संस्थेतील कामाला मी व्यक्तिशः फार मोलाचे मानतो, कारण तेथे बाहेरच्या संशोधकाला कधीच न मिळणारे खातेनिहाय आकडे हाती येतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्याचे आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक असल्याचे दिसून आले. त्यानंतर लगेच, ऑक्टोबरमध्ये, निर्देशांकांवरील ऑप्शन्सचे नियम कडक झाले. गावोगावच्या घरांतील बचत ज्या बाजारात वाहून जात होती, त्याचा हिशेब कोणीतरी बसून मांडला म्हणून हे शक्य झाले.

अर्जासोबत गुणपत्रिकेइतकेच वजन स्वतः केलेल्या एका कामाला असते. वर सांगितलेला अभ्यास दहा-बारा पानांत लिहावा, पहिल्या पानावर प्रश्न आणि उत्तर आकड्यासह द्यावे, आणि आकडे स्वच्छ करण्यापासून शेवटच्या आलेखापर्यंतची सगळी आज्ञावली एका फोल्डरमध्ये अशी लावावी की दुसऱ्या माणसाला ती एका बैठकीत पुन्हा चालवता येईल. मुलाखतीत ‘हा दिवस का वगळला’, ‘ही वेळ कोठून घेतली’ असे प्रश्न हमखास येतात. त्या वेळी तो सुट्ट्यांचा आणि वेळांचा तक्ता उघडून दाखवता आला पाहिजे. रुजू होण्यापूर्वी स्वतःच्या गुंतवणुकीचे नियमही लेखी मागून घ्यावेत. सेबीचे संशोधन विश्लेषकांसाठीचे नियम २०१४ पासून लागू आहेत आणि ज्या समभागांवर आपण लिहितो त्यांच्या खरेदी-विक्रीवर त्यांत निर्बंध आहेत. बँका आणि नियामक संस्थांचे अंतर्गत नियम बहुधा त्याहून कडक असतात. घरच्यांच्या नावावरील डीमॅट खातीही त्यांच्या कक्षेत येऊ शकतात, म्हणून ही माहिती पहिल्याच आठवड्यात अनुपालन विभागाकडे देऊन टाकावी.